गोधडीला आवाज नसतो

माझ्या फोनवर एक रेकॉर्डिंग आहे, ते मी वरचेवर ऐकते. पियानो संथ चाललेला असतो आणि मागे कुठेतरी ग्लास किणकिणतात. कुणीतरी हसतं. कुणीतरी शेजारच्याशी बोलत असतं. शब्द कळत नाहीत, पण गप्पा रंगल्यात एवढं कळतं. २५ जून १९६१, रविवार. न्यू यॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाच्या तळघरातल्या क्लबात बिल इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर होता. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट त्यांनी त्या दिवशी वाजवले. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्या तिघांचं एकत्र वाजवणं तिथेच संपलं.

दर वेळी मला त्या हसणाऱ्या माणसाचा राग येतो. अरे बाबा, समोर काय चाललंय बघ ना! मग वाटतं, तो निदान तिथे होता. तिकिटाचे पैसे देऊन, पायऱ्या उतरून, त्या खोलीत बसला होता. मी ते सगळं साठ वर्षांनी, लोकलमध्ये उभ्याने, इअरफोनमधून ऐकते आणि वर त्याच्यावर चिडते.

या रेकॉर्डिंगमुळे मला एक प्रश्न पडलाय आणि तो सुटत नाही. जे घडता घडताच संपतं, ते धरून ठेवावं का? धरायचंच तर कसं, आणि त्यासाठी कुणाला काय देणं लागतो आपण?

व्हॅनगार्डची जागा १९३५ पासून तीच आहे. रस्त्यावरून अरुंद जिना उतरायचा की खाली एक त्रिकोणी खोली. जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी. तीन-चारशे लोकांच्या सभागृहात श्रोता अंधारातला ठिपका असतो. इतक्या लहान खोलीत मात्र वाजवणाऱ्याला तुमचा खोकला ऐकू येतो, तुम्ही खुर्ची सरकवलीत तर तेही कळतं, आणि तुम्ही श्वास रोखलात तर तेही बहुधा कळतं. जॅझमध्ये वाजवणारे बरंचसं संगीत त्याच क्षणी ठरवत असतात. धून ठरलेली, चाल ठरलेली, पण आत काय घडणार ते ठरलेलं नाही. आपल्याकडे मैफिलीत समोर जाणकार बसलाय हे दिसल्यावर गवयाची आलापी कशी बदलते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे अशा खोलीतला श्रोता नुसतं ऐकत नसतो, थोडासा वाजवतही असतो. त्या हसणाऱ्या माणसाने त्या दिवशी काय वाजवलं, कोण जाणे.

एरिक डॉल्फी नावाचा वादक होता, सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट वाजवायचा. २ जून १९६४ ला नेदरलंड्समधल्या हिल्व्हर्समला झालेल्या त्याच्या कार्यक्रमाचा अल्बम आहे. त्याच्या शेवटी डॉल्फीचा बोलण्यातला आवाज येतो. तो म्हणतो की संगीत ऐकून संपलं की ते हवेत विरून जातं, पुन्हा हाती लागत नाही. त्याच महिन्यात, २९ जूनला, बर्लिनमध्ये तो वारला. गंमत बघा, संगीत पकडता येत नाही असं सांगणारा त्याचा आवाज पकडला गेला म्हणूनच ते त्याचं वाक्य आहे हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ‘क्षण जगा, फोन ठेवा’ छापाचा उपदेश मला पटत नाही. त्या रविवारी रिव्हरसाइड कंपनीची माणसं यंत्र घेऊन तळघरात उतरली नसती, तर लाफारो आपल्यापुरता कुणीच नसता.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर एका त्रिकुटाला ऐकायला गेले होते. तीसेक खुर्च्या. कीबोर्ड, बास गिटार, ड्रम्स. दुसऱ्याच ट्यूनमध्ये ड्रमर मुलाने ब्रश हातात घेतले आणि कातड्यावर असं काही फिरवायला लागला की सगळी खोली पुढे वाकली. मी फोन काढला. उभा धरला, मग आडवा केला. समोरच्याचं डोकं आड येत होतं म्हणून हात उंच केला. मागून एक बाई हळूच म्हणाल्या, “अगं, मला दिसत नाहीये.” मी “सॉरी सॉरी” म्हणत थोडी बाजूला सरकले. फोन मात्र खाली घेतला नाही.

व्हिडिओ एक मिनिट बारा सेकंदांचा आहे. आवाज फाटलेला. त्या संध्याकाळीनंतर मी तो एकदाही पूर्ण बघितला नव्हता. फोनने स्टोरेज भरलं म्हणून कुरकुर केली तेव्हा पुसायला काढलेल्या गठ्ठ्यात तो पुन्हा सापडला. बघताना जाणवलं की ती एक मिनिट बारा सेकंदं मला मुळीच आठवत नाहीत. फ्रेम आठवते, दुखणारा हात आठवतो, मागच्या बाई आठवतात. संगीत त्या वेळी यंत्राने ऐकलं, मी नाही. आणि ज्या बाईंचं दिसणं मी अडवलं, त्यांना त्या बदल्यात काहीच मिळालं नाही.

याच सुमारास मी फेथ रिंगगोल्डच्या गोधड्या बघत होते. अर्थात फोनवरच. रिंगगोल्ड १९३० मध्ये हार्लेममध्ये जन्मली आणि २०२४ मध्ये, ९३ व्या वर्षी गेली. आई विली पोझी कपडे शिवायची, फॅशन डिझायनर होती. खापरपणजी गुलामगिरीत मालकांसाठी गोधड्या शिवायची, अशी घरातली आठवण. रिंगगोल्ड आधी तैलचित्रं काढायची. १९७२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिने तिबेटी थांगका पाहिले, कापडाच्या चौकटीतली, गुंडाळून नेता येतील अशी चित्रं. तिथून ती कापडाकडे वळली. पहिली गोधडी ‘एकोज ऑफ हार्लेम’ १९८० ची. ती आई आणि मुलीने मिळून केली. पुढे मधे कॅनव्हासवर रंगवलेलं चित्र, भोवती शिवलेले कापडाचे तुकडे आणि पुष्कळदा कापडावरच लिहिलेली गोष्ट, असा तिचा प्रकार तयार झाला.

तिच्या कामात जॅझ सारखा येतो, कारण तिच्या गल्लीत तो होता. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स तिचा लहानपणीचा मित्र, हार्लेमच्या शुगर हिल भागात दोघं वाढले. १९८६ ची ‘ग्रूव्हिन हाय’ ही गोधडी सॅव्हॉय बॉलरूममध्ये नाचणाऱ्या जोड्यांची आहे. त्याच वर्षीची ‘सनीज क्विल्ट’ आहे. तिच्यात सनी एकटा पुलावर सॅक्सोफोन वाजवतोय.

या पुलामागे एक खरी हकीकत आहे. १९५९ मध्ये रोलिन्स ऐन भरात असताना कार्यक्रम बंद करून बसला. आपलं वाजवणं आपल्यालाच पुरं पडत नाही असं त्याला वाटत होतं. घरात रियाज करावा तर शेजारी एक गरोदर बाई राहायची, तिला त्रास होईल. म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जायला लागला. दोन वर्षं, उन्हापावसात, तासन्‌तास. खालून बोटी, बाजूने आगगाड्या, आणि हा वाजवतोय. १९६१ च्या अखेरीला तो परत आला आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमचं नावच ‘द ब्रिज’.

मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, जगातल्या सर्वांत मोठ्या सॅक्सोफोनवादकांपैकी एकाने शेजारणीच्या झोपेची काळजी केली. दुसरी, त्या पुलावर तो दिवसेंदिवस जे वाजवत राहिला ते विरून गेलं, अल्बममध्ये आलं ते त्यातून घडलेलं काहीतरी. तर रिंगगोल्डने जे शिवलं, ते ऐकायला उरलेलंच नाही.

इथे मला गोधडी आणि व्हिडिओ यांतला फरक थोडा कळायला लागला. व्हिडिओ म्हणतो, ‘हे बघ, असं होतं.’ आणि ते पूर्ण खरं नसतं, कारण खोली त्यात नसते, श्वास रोखलेले लोक नसतात. गोधडी असलं काही म्हणूच शकत नाही. तिला आवाज नसतो हे बघणाऱ्याला पहिल्या नजरेतच दिसतं. त्यामुळे ती मूळ गोष्टीची जागा घेण्याचा आव आणत नाही. ती एवढंच सांगते की हे वाजत होतं, मी ते ऐकलं, आणि ऐकल्यावर माझ्या हातांनी हे केलं. आपल्याशी कुणी बोललं तर आपण त्याचंच बोलणं पुन्हा म्हणून दाखवत नाही, उत्तर देतो. तसंच हे.

उत्तर द्यायचं तर आधी ऐकावं लागतं, आणि नेमकं काय ऐकायचं हेही ठरवावं लागतं. हार्लेममधलाच चित्रकार रोमारे बियर्डन याची गोष्ट यासाठी चांगली आहे. चित्रकार स्टुअर्ट डेव्हिसने त्याला सांगितलं होतं, की अर्ल हाइन्सचा पियानो ऐक, पण सुरांकडे लक्ष देऊ नकोस, सुरांमधल्या जागांकडे दे. बियर्डन ऐकत बसला. पुढे कागदाचे आणि कापडाचे तुकडे चिकटवून तो जी चित्रं करू लागला, त्यांत दोन तुकड्यांच्या मधली जागा तुकड्यांइतकीच बोलते. १९७० चं त्याचं ‘पॅचवर्क क्विल्ट’ न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कापडात खरोखरच्या चिंध्या आहेत. त्यात सॅक्सोफोन नाही, क्लब नाही, एक स्त्री आहे आणि गोधडी. तरी ते चित्र हाइन्सकडून शिकलेलं आहे. माझ्या व्हिडिओत वाद्यं, वादक, दिवे, सगळं आहे. त्या ड्रमरकडून मी शिकले मात्र काहीच नाही.

इथवर आले आणि मला माझ्याच युक्तिवादाची शंका यायला लागली. तो फारच गोड होता. हाताने केलेलं चांगलं आणि बटण दाबून केलेलं वाईट, हे इन्स्टाग्रामवर हातमागाच्या साड्या विकणाऱ्या कुणाही माणसाला आवडेल. कष्ट घेतले म्हणजे प्रामाणिकपणा आपोआप येतो का? तीन महिने खपूनही एखादी गोष्ट खोटी असू शकते. ‘जॅझ’ असं शोधलं की कापडावरच्या कलाकृतींचा ढीग सापडतो. काळी आकृती, सोनेरी सॅक्सोफोन, निळा धूर, तिरकी टोपी. टाके सुबक असतात. पण त्या आकृतीला चेहरा नसतो, नाव नसतं, घरभाडं नसतं.

त्या खोल्या प्रत्यक्षात तशा नव्हत्या. १९४० ते १९६७ या काळात न्यू यॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबात वाजवायला पोलिसांनी दिलेलं कार्ड लागायचं. ते काढून घेतलं की पोटावर पाय. बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ मध्ये गेलं. थेलोनियस मंकचं १९५१ मध्ये गेलं ते १९५७ मध्ये परत मिळालं. सहा वर्षं, म्हणजे एका पियानोवादकाच्या उमेदीचा केवढा काळ, त्याला स्वतःच्या शहरातल्या क्लबांचं दार बंद. निळ्या धुराच्या चित्रात हे कार्ड कुठेच दिसत नाही.

रिंगगोल्डला हे ठाऊक होतं, तेही घरातून. १९५० मध्ये तिने रॉबर्ट अर्ल वॉलेस या पियानोवादकाशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. चार वर्षांत ते वेगळे झाले, कारण तो हेरॉइनच्या नादी लागला होता. अशी बाई पुढे म्हातारपणापर्यंत जॅझ शिवत राहते, २००४ मध्ये ‘जॅझ स्टोरीज’ नावाची मालिका करायला घेते, तेव्हा त्या रंगांच्या मागे काय आहे हे तिला सांगावं लागत नाही. मला वाटतं, गोधडी खरी होते ती टाक्यांच्या संख्येने होत नाही. ज्याच्याबद्दल शिवतोय त्याच्याविषयी किती माहीत करून घेतलं आणि त्यातलं किती सोयीसाठी गाळलं, यावर ते ठरतं. हाच हिशेब व्हिडिओलाही लावता येईल. मग प्रश्न कापड की कॅमेरा असा राहत नाही.

दुसरी अडचण देण्याघेण्याची. छोट्या खोलीत वाजवणाऱ्याला रात्रीचे किती मिळतात, हे आपल्या शहरांतल्या कुठल्याही वादकाला विचारा. त्या रात्रीवरून स्फुरलेली कलाकृती गॅलरीत विकली गेली, तर पैसे कलाकाराचे. कायद्याने त्यात काही चूक नाही. प्रेरणेवर कुणी बिल लावत नाही, आणि लावायला लागले तर कला संपेल. तरी काहीतरी खटकतं.

अलाबामामध्ये गीज बेंड नावाची वस्ती आहे, नदीच्या वळणात अडकलेली. गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. नमुना आखून न घेता, हाताला येईल तो तुकडा जोडत. २००२ मध्ये या गोधड्या न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. लिहिणाऱ्यांनी लगेच म्हटलं, हा तर कापडावरचा जॅझ! २००७ मध्ये तिथल्या काही जणींनी आपल्या गोधड्यांचा आणि नमुन्यांचा मोबदला नीट मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे लावले. पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले.

‘कापडावरचा जॅझ’ हा शब्दप्रयोग मलाही आधी आवडला होता. आता तो थोडा उर्मट वाटतो. या बायका न्यू यॉर्कच्या तळघरांत बसल्या नव्हत्या. त्या चर्चमध्ये गायच्या, शेतात राबायच्या आणि थंडी होती म्हणून शिवायच्या. त्यांच्या कामाला जॅझचं नाव दिलं की शहरातल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं, पण त्यांचं स्वतःचं काही त्यात हरवतं. मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. आपल्याकडे ज्यांच्या घरी आजीच्या लुगड्याची गोधडी आहे, त्यांना हे समजायला जॅझची मध्यस्थी लागत नाही.

आणि गोधडीपुरतंच बोलायचं तर आफ्रिकेचा धागा आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी काही पळून घाटावरच्या जंगलात गेले. त्यांचे वंशज, सिद्दी, आज उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळच्या परिसरात राहतात. बरेच जण घरात कोकणी बोलतात. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. कडेपासून सुरुवात करून तुकडे जोडत, धावदोऱ्याने आत आत मध्यापर्यंत जायचं, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ लावायची. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, म्हणतात. या कवंद्या पुढे हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटरच्या प्रदर्शनापर्यंत पोचल्या. रिंगगोल्डच्याच मोहल्ल्यात. यात कुणी कुणाची नक्कल केली नव्हती. समुद्राच्या दोन टोकांना नेलेली माणसं चिंध्यांतून ऊब करत होती, एवढंच.

देण्याघेण्याच्या हिशेबात आपले हातही फार स्वच्छ नाहीत. मुंबईत तीसच्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजायचा. त्यात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक होते आणि त्यांच्याकडून उचलणारे, त्यांच्या बरोबरीने वाजवणारे गोव्याचे वादक होते. क्लबांचे दिवस सरले तसे हेच गोवेकर हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात गेले. आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा त्यांच्यातला नावाजलेला ट्रम्पेटवादक. सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकरांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पण तो अपवाद. शेकडो गाण्यांच्या वाद्यमेळाची रचना करणाऱ्या, स्वरलिपी लिहिणाऱ्या गोवेकरांची नावं तबकडीवर आली नाहीत. गाणी आपण लग्नात, सहलीत, अंताक्षरीत गात राहिलो. कुणाचं हे विचारलं नाही. तरी एकदा एका शिष्याने थोडी परतफेड केली. प्यारेलाल यांनी व्हायोलिन अँथनी गोन्साल्विस या मजोर्ड्याच्या गुरूंकडून शिकलं होतं. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये नायकाच्या तोंडी गुरूंचं नाव आलं आणि सगळ्या देशाला पाठ झालं. मात्र ते एका खऱ्या वादकाचं आहे, हे बहुतेकांना कळलंच नाही.

नाव घेणं ही सगळ्यांत स्वस्त परतफेड आहे. गीज बेंडच्या बायकांच्या दाव्यावरून दिसतं की ती पुरेशी नाही. पण तिच्यापासून सुरुवात तरी होते. रिंगगोल्डने पुलावरच्या माणसाला ‘एक वादक’ म्हटलं नाही. त्याचं नाव गोधडीला दिलं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी त्या एक मिनिट बारा सेकंदांकडे परत आले. पुसून टाकावं, असं जवळजवळ ठरवलं होतं. माझ्या दृष्टीने ती चोरीच होती, बाईंच्या दिसण्याची आणि त्या मुलाच्या वादनाची. मग वाटलं, हा निवाडाही मी एकटीच करतेय. ज्याचं वाजवणं त्याला कुठे विचारलंय? कॅफेच्या जुन्या पोस्टमध्ये त्याचं नाव होतं. मेसेज केला की तुझा एक व्हिडिओ माझ्याकडे आहे, न विचारता काढला होता, पुसू का?

तासाभरात उत्तर आलं. “अगं पुसू नकोस, पाठव ना! त्या रात्रीचं माझ्याकडे काहीच नाहीये. असं काहीतरी दाखवल्याशिवाय पुढचं काम मिळत नाही.”

मी गप्पच झाले. माझा सगळा अपराधगंड त्याच्या कामाचा नव्हता. त्याला फाटलेल्या आवाजाचा का होईना, पुरावा हवा होता. अकरा दिवसांनी कोण असेल, कोण नसेल, हे त्याला तरी कुठे माहीत. व्हिडिओ पाठवला. त्याने बघितला आणि विचारलं, “याच्या पुढचं नाही का? शेवटी आम्ही सगळे थांबलो होतो बघ, आणि मग परत आलो, ते?”

ते माझ्याकडे नव्हतं. हात दुखायला लागला म्हणून त्याआधीच मी फोन पर्समध्ये टाकला होता. पण ते मला आठवत होतं, सगळं. मी त्याला लिहिलं की तुम्ही थांबलात तेव्हा खाली कॉफीचं मशीन फुसफुसलं आणि तू ब्रश हवेतच धरून त्याचं संपायची वाट बघितलीस. ते थांबल्यावर तू ब्रश टेकवलेस, पण वाजवलं नाहीस. कीबोर्डवाल्याने तुझ्याकडे पाहिलं, तू मान हलवलीस, नाही म्हणून. आणि मग बासवाला एकटाच आत गेला. माझ्या मागे एक बाई बसल्या होत्या, त्या “अहाहा” म्हणाल्या. लिहिता लिहिता ते बरंच लांबलं. व्याकरण तपासलं नाही, तसंच पाठवलं.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, “मी नाही म्हणून मान हलवली? हे मला माहीतच नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, “त्या बाई कोण होत्या?”

मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

व्हॅनगार्डच्या त्या रविवारच्या संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये पहिल्याच ट्यूनला मधेच वीज जाते. ‘ग्लोरियाज स्टेप’, लाफारोनेच रचलेली ट्यून. यंत्र बंद पडतं आणि संगीतात खड्डा पडतो. खोलीतल्या लोकांनी तेवढा तुकडा ऐकला असणार. त्यात तो हसणारा माणूसही असेल, अजून हसायला लागला नसेल. तेवढा तुकडा फक्त त्यांचा राहिला. त्यांच्यापैकी कुणी घरी जाऊन कुणाला त्याबद्दल काही सांगितलं असेल का, असा विचार अलीकडे लोकलमध्ये माझ्या मनात येतो. त्या माणसावर मी आता फारशी चिडत नाही.